विश्लेषण : पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय शिस्त लावणारे डॉ. पां. वा. सुखात्मे कोण होते?

नंदुरबार जिल्ह्यात ज्वारी, भात, सोयाबीनची काढणी आली की महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात. प्रयोगातून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरले, तर पीक विम्याची भरपाई मिळते. म्हणजे मोजणी फुगली, तर नुकसान होऊनही शेतकऱ्याचा हात रिकामा राहतो. या धोक्यावर ऐंशी वर्षांपूर्वी बोट ठेवले ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी.

शिक्षण कुठे झाले?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध गावात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना या शास्त्राचा गरिबांना काय उपयोग, असे विचारल्याची आठवण सांगितली जाते. १९४० पासून कृषी संशोधन परिषदेत त्यांनी केलेले काम हे त्याचे उत्तर ठरले.

वाद कशावरून झाला?

तेव्हा पिकाचे उत्पादन बहुधा नजरअंदाजाने ठरे. चिठ्ठी पद्धतीने शेत निवडून ठरावीक तुकडा कापावा आणि धान्य तोलावे, यावर प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांचे एकमत होते. मतभेद तुकड्याच्या आकारावर होते. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. छोट्या तुकड्यांत उत्पादन जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले.

असे का होते?

कडेवरची रोपे मोजणाऱ्याकडून नकळत आत धरली जातात. समजा, चूक फक्त ५ सेंटिमीटरची आहे. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात तिने क्षेत्र सुमारे १७ टक्के वाढते. १० बाय ५ मीटरच्या तुकड्यात फक्त ३ टक्के. प्रयोगांची संख्या वाढवूनही ही चूक जात नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला होते. 

पुढे काय झाले?

मोठ्या तुकड्यांची पद्धत राज्याराज्यांत रुजली. आजही अनेक पिकांसाठी १० बाय ५ मीटरचाच तुकडा आखतात. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगातील भुकेच्या मोजणीवरील त्यांचे काम गाजले, त्यावर वादही झाले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यासाठी महत्त्वाचे काय?

गावात प्रयोग असेल तेव्हा हजर राहा. शेत यादीप्रमाणेच निवडले का, दोरी ताणून चारही कोपरे नीट आखले का आणि वजन समोर झाले का, एवढे पाहा. भरपाई ठरवताना हाच आकडा धरला जातो.