राजबागेचा धनी आणि पदवीची अट

पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर येथे मुळा-मुठेच्या काठी असलेली राजबाग आज विद्यापीठाचे आवार म्हणून ओळखली जाते. २०१५च्या कायद्याने स्थापन झालेल्या एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठात चित्रपटकलेचेही शिक्षण दिले जाते. ज्यांच्या नावाने ही बाग प्रसिद्ध झाली ते राज कपूर मात्र मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. पटकथालेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर पहिली अट पदवीची. या बागेच्या धन्याला त्या अटीपाशीच थांबावे लागले असते.

सर्जनशील लेखनासाठी पदवी देण्याची कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२मध्ये प्रबंधाऐवजी ललित कृती पदवीसाठी ग्राह्य धरण्याचे ठरवले आणि १९३६मध्ये तेथे लेखन कार्यशाळा उभी राहिली. अशा अभ्यासक्रमांची मागणी साधारणपणे सारखीच असते. प्रवेशाच्या वेळी स्वतःच्या लेखनाचे नमुने द्यावे लागतात, नंतर अनुभवी लेखकाच्या देखरेखीखाली सराव आणि वर्गात एकमेकांच्या लिखाणाची चिरफाड होते. अखेरीस स्वतंत्र, पूर्ण कृती सादर करावी लागते. प्रवेशाची अट वगळली, तर राज कपूर यांनी यातले काहीच चुकवले नाही.

१४ डिसेंबर १९२४ रोजी पेशावर येथे त्यांचा जन्म झाला. वडील पृथ्वीराज कपूर हे पेशावरच्या एडवर्ड्स महाविद्यालयाचे पदवीधर. वकिलीचा अभ्यास अर्धवट सोडून ते नाटक-सिनेमाकडे वळले होते. मुलगा मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा त्यांनी त्याला दिग्दर्शक केदार शर्मा यांच्या हाताखाली उमेदवारीला धाडले. काम क्लॅप देण्याचे. क्लॅप देण्यापूर्वी हा मुलगा कॅमेऱ्यासमोर केस विंचरी. एकदा घाईत क्लॅपमध्ये एका नटाची खोटी दाढी अडकून निघाली आणि शर्मा यांनी त्याच्या श्रीमुखात भडकावली. याच शर्मांनी १९४७च्या ‘नीलकमल’मध्ये त्याला नायक केले. १९४४मध्ये सुरू झालेल्या पृथ्वी थिएटर्समध्येही पडतील ती कामे करीत त्यांचे शिक्षण चालूच होते.

वयाच्या पंचविशीच्या आत त्यांनी १९४८मध्ये ‘आग’ हा स्वतःचा पहिला चित्रपट सादर केला. कथा इंदर राज आनंद यांची. वकिलीची घराण्यातील वाट नाकारून, परीक्षेत अपयशी ठरून नाटक उभे करायला निघालेला तरुण हा तिचा नायक. वडिलांची सोडलेली वकिली आणि स्वतःचे अपयश, दोन्ही गोष्टी पडद्यावर आल्याचे कपूर घराण्याची माहिती असणाऱ्याला सहज दिसते. तिकीटबारीवर ‘आग’ फारसा चालला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बरसात’च्या यशाने चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला बळ मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज कपूर हे कागदावर लिहिणारे लेखक नव्हते. ख्वाजा अहमद अब्बास आणि वसंत साठे यांनी त्यांच्यासाठी लिहिले. ‘आवारा’ची कथा अब्बास यांनी आधी मेहबूब खान यांना दिली होती, परंतु प्रमुख पात्रांच्या निवडीवरून मतभेद झाले. पडद्यावरील पिता-पुत्र प्रत्यक्षातीलही पिता-पुत्र असावेत, असा अब्बास यांचा विचार होता. राज कपूर यांनी ती कथा उचलली आणि १९५१मध्ये पृथ्वीराज व राज हे न्यायाधीश आणि त्याचा टाकलेला मुलगा म्हणून समोरासमोर आले. माणूस रक्ताने घडतो की परिस्थितीने, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. परीक्षेत नापास झालेल्या मुलाने त्यासाठी आपल्या पदवीधर पित्यालाच पडद्यावर उभे करावे, यातली धिटाई थोडी नाही. कोणती कथा आपली आहे हे ओळखण्याची नजर त्यांना होती. ती लेखणीपेक्षा कमी मोलाची मानणे योग्य नाही.

या नजरेनेही एकदा दगा दिला. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) चार तासांहून अधिक लांबीचा, दोन मध्यंतरांचा होता. सर्वांत जिव्हाळ्याची ही कृती प्रेक्षकांनी तेव्हा नाकारली आणि राज कपूर कर्जाच्या ओझ्याखाली आले. कार्यशाळेत एखाद्याने कात्री लावायला सांगितले असते. पण चेंबूरमध्ये शेवटचा शब्द त्यांचाच होता. तीन वर्षांनी अब्बास-साठे यांच्याच पटकथेवरील ‘बॉबी’ने त्यांना सावरले.

लोणीची जागा हे त्यांचे विसाव्याचे तसेच चित्रीकरणाचे ठिकाण होते. ‘सत्यम शिवम सुंदरम’ (१९७८) येथेच आकाराला आला. ‘प्रेमरोग’ १९८२मध्ये आणि ‘राम तेरी गंगा मैली’ १९८५मध्ये प्रदर्शित झाला. मे १९८८मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार समारंभात त्यांना दम्याचा तीव्र झटका आला. राष्ट्रपती आर. वेंकटरामन मंचावरून खाली उतरून त्यांच्याजवळ गेले व पुरस्कार दिला. २ जून १९८८ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चेंबूरचा स्टुडिओ २०१७मध्ये आगीत सापडला आणि २०१९मध्ये विकला गेला. राजबागेत मात्र पृथ्वीराज आणि राज कपूर या पिता-पुत्रांच्या समाध्या आहेत.