ठळकवाडीचा नांगर

गुर्लहोसूर या आपल्या जिल्ह्यातल्या लहानशा गावाने दोन किर्लोस्कर दिले. एक संगीत नाटकवाले अण्णासाहेब. त्यांची आठवण दरवर्षी उत्सवाच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमात आपोआप निघते. दुसरे लक्ष्मणराव. त्यांचे नाव आपण रोज घेतो, पण ते किर्लोस्कर रोड म्हणून, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही या दुसऱ्या किर्लोस्करांविषयी लिहायचे ठरवले, कारण आपली मुले नोकरीसाठी पुणे-बेंगळुरूची वाट धरतात आणि लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून बेळगावला आले होते.

जन्म 20 जून 1869. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रे आणि यंत्रे यांच्याकडे. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी राहिले म्हणून 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळले की डोळ्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाटने शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये 45 रुपये पगारावर ते शिक्षक झाले. पुढे बढतीची जागा आली ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला.

बेळगावात रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा आधीच सुरू झाला होता. किर्लोस्कर बंधूंचा उद्योग आपला आरंभ 1888 पासून मोजतो. सायकल चालवायला शिकवण्याची फी 15 रुपये होती. तिघे शिकले की मुंबईच्या मास्तरकीचा महिन्याचा पगार निघाला! पण नुसत्या विक्रीत लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत, त्यांनी लहानसा कारखाना थाटला. कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर.

हा नांगर सहजासहजी खपला नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता. तयार नांगर जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. हा समज केवळ अडाणीपणा म्हणून आपण हसण्यावारी नेतो, ते आम्हाला पटत नाही. सुताराने बाभळीचा नांगर करावा, लोहाराने फाळ शेवटून द्यावा आणि मोडला तर गावातच दुरुस्त व्हावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. तिच्याबाहेरची वस्तू घेताना शेतकरी कचरला तर नवल नाही. उलट काळ्या रानातली हरळी आणि कुंदा किती खोल मुळे धरतात, याचे ज्ञान त्याच्यापाशीच होते. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथवतो हे त्याने शेतात पाहिले, तेव्हाच त्याचे मन वळले. कारखानदाराला शेतकऱ्याच्या बांधावर जावेच लागले.

धंदा जरा मार्गी लागतो तोच नगरपालिकेने उपनगरासाठी जागा हवी म्हणून ठळकवाडी सोडायला लावले. तिथे आता घरे आणि दुकाने आहेत. हा कारखाना बेळगावातच राहिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या मंडळींना अजूनही सुटत नाही. आम्हालाही रुखरुख लागतेच. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला, पैशाचीही मदत केली. 10 मार्च 1910 रोजी मंडळी तिथे गेली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तिथे कामाला कोण होते ते पाहावे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर झाले. शंभूराव जांभेकरांसारखी हाताने शिकलेली माणसे यंत्रे सांभाळू लागली. दरोड्याबद्दल शिक्षा झालेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग वसाहतीचे विश्वासू पहारेकरी झाले. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. सर्टिफिकेटापेक्षा हाताकडे पाहायचे, ही लक्ष्मणरावांची रीत. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

पुढची यादी मोठी आहे: उसाचे चरक, पंप, 1926 च्या सुमारास तेलावरचे इंजिन. 1941 मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर निघाली, म्हणजे हे नाव कर्नाटकात परत आले. 1920 पासून शंकरराव किर्लोस्करांचे मासिक घरोघरी जाऊ लागले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या ट्रंकेत त्याचे अंक सापडतील.

आपल्या भागात हातचे ज्ञान आजही आहे. उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, शहापूरला विणकर, खानापूरला कुंभारकाम. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. निपाणी-अथणीकडच्या चर्मकार घरातल्या मुलाने हाच धंदा स्वतःच्या नावाने करायचा म्हटला, तर कायदा त्याच्या बाजूला आहे. भांडवल आणि बाजार मात्र त्याला मिळवावा लागेल, आणि तिथे एखादे रामूअण्णा लागतील.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनचे नाव तर केव्हाच किर्लोस्करवाडी झाले आहे. बेळगावहून मिरजेमार्गे पुण्याकडे जाताना ते लागते.