खराटा आणि कीर्तन

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरांचे कोरीव खांब पाहताना श्रद्धेने कलेला काय दिले, हे उमगते. श्रद्धा आणि कला मिळून लोकसेवेला काय देऊ शकतात, हे मात्र गाडगे महाराजांच्या चरित्रात पाहावे. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या व १९०५ साली गृहत्याग केलेल्या या निरक्षर पुरुषाने दिवसा खराट्याने गावे झाडली, रात्री कीर्तनाने मने. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. १९५६ साली ते निवर्तले. त्यांचा खराटा आपण समारंभापुरता हाती घेतो. कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांविरुद्धचे कीर्तन मात्र विसरतो. अशा स्मरणाने ऋण फिटत नाही.