वणव्याआधीचा आकडा

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेच्या मोन्टाना राज्यातील हेलेना शहरात दुपारी पारा ९७ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३६ अंश सेल्सिअसवर गेला. विदर्भातल्या वाचकाला या आकड्याचे काही विशेष वाटणार नाही. पण रॉकी पर्वताच्या त्या डोंगराळ पट्ट्यासाठी हा कडक उन्हाळा होता. गवत वाळून कोळ झाले होते. वनखात्याने त्या दिवशी त्या भागातील वणव्याचा धोका १०० पैकी ७४ असा मोजला होता. तापमानासारखा वणव्याचा धोकाही आकड्यात सांगता येतो, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या माणसाचे नाव हॅरी गिस्बोर्न. त्या एका दिवसाने त्यांच्या २७ वर्षांच्या कामाची कसोटी पाहिली आणि तीन महिन्यांनी त्या दिवसाचाच शोध घेताना त्यांचा मृत्यू झाला.

गिस्बोर्न यांचा जन्म १८९३ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात झाला. ते सतरा वर्षांचे होण्याच्या बेतात असताना देशाच्या दुसऱ्या टोकाला एक महाभयंकर घटना घडली. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो, मोन्टाना आणि वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर जंगल जळून गेले. शेकडो लहान आगी आधीपासून धुमसत होत्या. कोरडा, सोसाट्याचा वारा सुटला आणि त्या एकमेकींना मिळाल्या. किमान ८५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक जण आग विझवायला गेलेले मजूर होते. अमेरिकेची वनसेवा तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. या आघातानंतर तिने आगीशी लढणे हे आपले पहिले काम मानले. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, आयडाहोच्या उत्तर भागात प्रीस्ट रिव्हर येथे वन संशोधन केंद्र सुरू झाले.

मिशिगन विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेतलेले गिस्बोर्न १९२२ मध्ये या केंद्रात दाखल झाले. केवळ वणव्यांच्या अभ्यासाला वाहून घेतलेले ते अमेरिकेतील पहिल्या संशोधकांपैकी एक.

त्या काळी वणव्याचा धोका ओळखायची पद्धत अनुभवाची होती. जुनाजाणता वनरक्षक पायाखालची पाने चुरगाळून पाही, आकाशाकडे नजर टाकी आणि आज जपून राहा, असे सांगे. अशा माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येई. अडचण अशी होती की, एकाला जो दिवस भीतीदायक वाटे तो शेजारच्या वनक्षेत्रातील दुसऱ्याला नेहमीसारखा वाटे. मग टेहळणीच्या मनोऱ्यांवर किती माणसे बसवायची, विझवणाऱ्या किती तुकड्या तयार ठेवायच्या, कोणत्या दिवशी त्यांना सुट्टी द्यायची, हे ठरवायला सर्वांसाठी सारखे असे माप नव्हते. माणसे जास्त ठेवली तर पैसा वाया जाई. कमी ठेवली आणि वारा सुटला, तर जंगल जाई.

गिस्बोर्न यांनी सुरुवात केली ती साध्या प्रश्नापासून. जंगलात पेट घेते ते नेमके काय? उभे, हिरवे झाड सहसा आधी पेटत नाही. पेटतो तो जमिनीवरचा पालापाचोळा, सुकलेले गवत, काटक्या. त्यात पाणी किती उरले आहे, यावर ठिणगी पडल्यावर काय होणार हे ठरते. ओल्या काटकीला दिलेली उष्णता आधी तिच्यातील पाणी उडवण्यात खर्च होते. काटकी कोरडी असेल तर ती उष्णता थेट पेट घेण्याच्या कामी येते.

हे पाणी जंगलात बसून रोज मोजायचे कसे? गिस्बोर्न यांनी त्यासाठी पाइनच्या लाकडाच्या जेमतेम अर्धा इंच जाडीच्या कांड्या वापरल्या. पूर्ण वाळवल्यावर कांड्यांच्या जुडीचे वजन बरोबर १०० ग्रॅम भरेल, अशा बेताने त्या कापलेल्या असत. ही जुडी जंगलात उघड्यावर मांडून ठेवायची आणि रोज वजन करायचे. काटा १०८ ग्रॅम दाखवत असेल तर लाकडात ८ टक्के पाणी आहे. गणिताची गरज नाही, प्रयोगशाळेची नाही, एक तराजू पुरे. जमिनीवरच्या कुजक्या पाल्याच्या थरातील ओल मोजण्यासाठी वेताच्या पट्टीवर चालणारे उपकरणही त्यांनी वापरात आणले. ओल वाढली की वेत फुगतो आणि कमी झाली की आकसतो, एवढ्या तत्त्वावर ते चाले.

प्रीस्ट रिव्हर येथे त्यांनी तीन जागी नोंदी ठेवल्या. एक जागा झाडे पूर्ण तोडलेली, दुसरी अर्धी तोडलेली आणि तिसरी दाट सावलीची. आकाश तेच, पाऊस तोच. तरीही मोकळ्या जागेवरच्या कांड्या सावलीतल्यांपेक्षा खूप कोरड्या होत, कारण तिथे ऊन थेट पडे आणि वारा अडत नसे. हवामान एकच असले तरी जमिनीवरचा धोका एकच नसतो, ही गोष्ट अशी मोजमापाने सिद्ध झाली.

इंधनाच्या ओलीनंतर हवेतील ओल आणि वारा. दुपारी हवा तापते तशी तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि सापेक्ष आर्द्रता घसरते. अशी कोरडी हवा पाल्यातील उरलेसुरले पाणी शोषून घेते. वारा तर तीन कामे एकदम करतो. तो ज्वाळेला प्राणवायू पुरवतो, तिला पुढे वाकवून समोरच्या गवताला आधीच तापवतो आणि जळते तुकडे उचलून दूर नेऊन टाकतो. म्हणून नुसत्या तापमानावरून वणव्याचा अंदाज बांधणे फसवे ठरते. उकाड्याचा पण दमट आणि पडक्या वाऱ्याचा दिवस सुखरूप जाऊ शकतो. त्याहून कमी तापमानाचा, पण कोरडा आणि वाऱ्याचा दिवस घात करू शकतो.

ठिणगी कुठून येते, हाही प्रश्न होता. रॉकी पर्वतात उन्हाळ्यात कित्येकदा मेघगर्जना होते, विजा पडतात आणि पाऊस मात्र नावापुरता येतो. गिस्बोर्न यांनी मनोऱ्यांवरील टेहळ्यांकडून अशा वादळांच्या हजारो नोंदी गोळा करवून घेतल्या आणि कोणते वादळ आगी लावते, याचा अभ्यास केला.

हे सारे घटक एकत्र आणून एकच उत्तर द्यायचे, तेही डोंगरावरच्या वनरक्षकाला खिशातून काढून पाहता येईल अशा रूपात, हा त्यांचा खरा शोध. छायाचित्रकार तेव्हा प्रकाश किती, ऋतू कोणता, हे पाहून कॅमेऱ्याची मांडणी ठरवायला एक सरकती पट्टी वापरत. गिस्बोर्न यांनी त्याच धर्तीवर वणवा-धोकामापक तयार केला. काटक्यांतील ओल, आर्द्रता, वारा, हंगामातील तारीख, दृश्यमानता आणि विजांची किंवा माणसांची वर्दळ अशा बाबी जुळवल्या की पट्टी धोक्याची श्रेणी दाखवी. सुरुवातीला अशा सात श्रेणी होत्या. १९३४ च्या सुमारास हे साधन उत्तर रॉकी पर्वताच्या जंगलांत वापरात आले. पुढे इतर प्रदेशांनी आपापल्या झाडोऱ्याला साजेशी मापके केली. प्रत्येक श्रेणीला किती माणसे तयार हवीत, हे आता कागदावर लिहून ठेवता येऊ लागले.

१९४९ च्या त्या ऑगस्टमध्ये हा आकडा ७४ होता. आदल्या दिवशी वीज पडून मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत आग लागली होती. विमानातून छत्रीच्या साह्याने उतरून आग विझवणारी पथके वनसेवेकडे १९४० पासून होती. असे १५ जण घळीत उतरले आणि आधीपासून आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग समोरच्या उतारावर होती आणि ती नदीच्या बाजूने गाठायची, असा बेत होता. पण वाऱ्याने जळते तुकडे घळीच्या तळाशी आणून टाकले. नदीकडची वाट बंद झाली. सोळा जण मागे वळून गवताळ चढावरून धावू लागले आणि आग त्यांच्यामागे लागली.

पथकप्रमुख वॅग्नर डॉज यांनी पळता पळता समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि जळून गेलेल्या राखेत ते पालथे झोपले. जिथे आधीच जळून गेले आहे तिथे वणव्याला खायला काही उरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर वनखाते जाळरेषा काढते त्यामागे हेच तत्त्व आहे. पण धावणाऱ्या तरुणांना आपला प्रमुख आग का लावतो आहे, हे उमगले नाही. ते पुढे गेले. डॉज आणि कड्यापर्यंत पोहोचलेले दोघे, असे तिघेच वाचले. तेरा जणांचा बळी गेला.

गिस्बोर्न यांना हा प्रश्न सोडेना. धोक्याचा आकडा चुकला नव्हता. दिवस वाईट आहे, हे त्याने सांगितलेच होते. पण तो आकडा पूर्ण वनक्षेत्रासाठी होता. एका अरुंद घळीत वारा कसा वळेल, चढावर ज्वाळा गवताला किती चिकटून धावेल, हे त्यात नव्हते. आगीची वावटळ उठून तिने जळते तुकडे खाली भिरकावले असावेत, असा त्यांचा कयास होता. तो पडताळायचा तर बर्फ पडण्याआधी जागेवर जायला हवे होते.

गिस्बोर्न तेव्हा ५६ वर्षांचे होते आणि त्यांना हृदयविकार जडला होता. चढ चढणे धोक्याचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते त्या भागाचे वनाधिकारी रॉबर्ट जॅन्सन यांना सोबत घेऊन घळीत उतरले. वाटेत ते तीसहून अधिक वेळा विसाव्यासाठी थांबले. जमिनीवरच्या खुणा पाहिल्यावर वावटळीच्या उगमाबद्दलचा आपला कयास बरोबर नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. उलट नव्याने विचार करायला काही हाती लागले, याचा आनंदच झाला. परतीच्या वाटेवर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला.

त्यांचा प्रश्न मात्र पुढे चालला. १९५७ मध्ये वनसेवेने आग विझवणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. १९६० मध्ये मोन्टानातील मिझूला येथे वणव्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे रिचर्ड रॉदरमेल यांनी इंधन, ओल, वारा आणि चढ यांवरून आग किती वेगाने पसरेल, याचे गणित मांडले. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सबंध अमेरिकेसाठी वणव्याच्या धोक्याची एकच श्रेणीपद्धत लागू झाली. मॅन गल्चची आग किती वेगाने धावली असेल, याचा हिशेबही रॉदरमेल यांनीच पुढे केला.

आज अमेरिकेत जंगलाच्या वाटेवर कमी, मध्यम, जास्त, अतिजास्त आणि टोकाचा अशा पाच रंगांच्या पट्ट्यांचा फलक दिसतो. हवामान खातेही उष्मा, कोरडी हवा आणि वारा एकत्र येणार असतील तेव्हा वणव्याचा वेगळा इशारा देते. फलकाचा काटा सकाळी वर सरकतो तो लाकडातील ओल, आर्द्रता आणि वारा यांच्या नोंदींवरूनच. तो दिवसाबद्दल सांगतो. समोरच्या उताराकडे आणि पाठीमागच्या वाटेकडे मात्र जंगलात शिरणाऱ्या माणसालाच पाहावे लागते.