कुकरच्या शिट्टीमागचा डॉक्टर

जालन्यातल्या कुठल्याही गल्लीत सकाळी उभे राहा, घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील. त्याच वेळी आमच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाशेजारच्या खोलीत ऑटोक्लेव्ह तापत असतो. एकात तुरीची डाळ शिजते, दुसऱ्यात कात्र्या, चिमटे आणि ड्रेसिंगचे कापड निर्जंतुक होते. या दोन्हींचा मूळपुरुष एकच, डेनिस पापिन. तो स्वतः डॉक्टर होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

पापिनचा जन्म १६४७ साली फ्रान्समधल्या ब्ल्वा शहराजवळ झाला. १६६९ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी घेतली, पण रुग्ण तपासण्यात त्याचे मन रमले नाही. पॅरिसला ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तो हवा उपसणाऱ्या पंपावर काम करू लागला. १६७५ मध्ये लंडनला गेल्यावर रॉबर्ट बॉइलचा सहायक झाला. भांड्यातली हवा काढून घेतली की कोमट पाणीही उकळू लागते, हे या मंडळींना ठाऊक होते.

त्याचे कारण सोपे आहे. पाणी तापले की आत वाफेचे बुडबुडे तयार होऊ पाहतात, पण वरची हवा त्यांना दाबून धरते. वाफेचा जोर हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. समुद्रकिनारी हे १०० अंश सेल्सिअसला घडते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपास, तर महाबळेश्वरला सुमारे ९५ अंशांनाच पाणी उकळते. एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा करा, उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून गरम होत नाही. बर्फ वितळण्यावर मात्र दाबाचा परिणाम अगदी किरकोळ असतो. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो.

पापिनने उलटा विचार केला. दाब कमी केल्यावर पाणी लवकर उकळते, तर दाब वाढवला तर? १६७९ मध्ये त्याने घट्ट झाकणाचे जाड धातूचे भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आत कोंडलेल्या वाफेने दाब वाढे, पाणी १०० अंशांच्या वर जाई आणि कठीण हाडेही मऊ पडत. फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांच्या पोटात काही पोषण जावे, हा त्याचा हेतू होता. १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना याच भांड्यात शिजवलेले जेवण वाढले गेले.

भांडे फुटण्याचा धोका त्याने ओळखला होता. म्हणून झाकणाच्या छिद्रावर वजन टांगलेली दांडी बसवली. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफ ते वजन उचलून बाहेर पडे. आपल्या कुकरची शिट्टी याच तत्त्वावर चालते.

पापिन प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाचे संरक्षण काढून घेतले आणि मायदेशाचे दार बंद झाले. जर्मनीत प्राध्यापकी करताना १६९० मध्ये त्याने वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना मांडली. पुढच्या वाफेच्या इंजिनांची ती नांदी होती. १७०७ मध्ये चाकांची होडी घेऊन तो इंग्लंडला निघाला, पण पोटावर पाय येईल या भीतीने नदीवरच्या नावाड्यांनी ती मोडून टाकली. लंडनमध्ये बॉइल हयात नव्हता आणि जुने आश्रयदातेही राहिले नव्हते. १७१३ मध्ये हा माणूस हलाखीत वारला.

त्याच्या भांड्याला बरोबर २०० वर्षे झाल्यावर, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने ऑटोक्लेव्ह तयार केला. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. दर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब दिला की वाफ १२१ अंशांवर जाते आणि १५ ते २० मिनिटांत ते मरतात. मात्र आतली हवा आधी पूर्ण निघून गेली पाहिजे. हवा अडकून राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो, पण तापमान कमी राहते. म्हणून शस्त्रक्रियेची अवजारे नुसती उकळून भागत नाही. पिण्याच्या पाण्याला मात्र आपल्याकडची ९८ अंशांची उकळी पुरते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट थांबावे.

कुकर उघडण्याची घाई झाल्याने भाजलेल्या भगिनी आमच्याकडे येतात. दाब एकदम उतरला की आतले १०० अंशांहून गरम पाणी क्षणात उसळून बाहेर येते. म्हणून झाकण ओढून काढू नये, दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टीचे छिद्र रोज धुवावे. सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडला तर खिळा किंवा तार घालून काम भागवू नये, नवा बसवावा. रुग्ण न तपासणाऱ्या त्या डॉक्टरने साडेतीनशे वर्षांपूर्वी घेतलेली काळजी आपण स्वयंपाकघरात रोज घ्यायची आहे.