हातचा धरणारें यंत्र : ब्लेझ पास्कल

बेरीज करतांना हातचा धरावयास आपण सर्वच लहानपणीं शिकतों, आणि तो विसरला म्हणजे सारी बेरीज कशी फसते याचा अनुभवहि आपणां सर्वांस आहे. हा हातचा माणसाच्या मनाऐवजीं धातूच्या चाकानें धरावा, असा ध्यास एका एकोणीस वर्षांच्या मुलानें घेतला व तो तडीस नेला. त्या ब्लेझ पास्कलची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजीं फ्रान्स देशांतील क्लेरमाँ या गांवीं झाला. तो तीन वर्षांचा असतांनाच त्याची आई वारली. वडील एत्येन पास्कल हे करखात्यांतील अधिकारी असून गणिताचे चांगले जाणकार होते. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. ब्लेझ व त्याच्या दोघी बहिणी यांचें शिक्षण त्यांनीं स्वतः घरींच केलें. १६३१ सालीं हें कुटुंब पॅरिसला आलें, आणि सोळाव्या वर्षीं मुलानें शंकुच्छेदांवर लिहिलेला निबंध पाहून तेथील विद्वान चकित झाले.

१६४० सालीं वडील रूआँ शहरीं कामावर रुजू झाले. त्या प्रांतांत करांवरून नुकताच मोठा दंगा होऊन गेला होता. आकारणीची व वसुलीची घडी नव्यानें बसवावयाची होती. मध्यरात्र उलटली तरी आंकडेमोड संपत नसे. त्यांत नाणीं दशमान नव्हतीं. बारा दनिये म्हणजे एक सू, आणि वीस सू म्हणजे एक लिव्र, असा तो हिशेब. आमच्याकडे १९५७ सालापर्यंत बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया होता. तशा खतावण्या ज्या घरांतून लिहिल्या गेल्या, त्यांस या श्रमांची कल्पना सहज येईल. वडिलांचे कष्ट हलके करावे, एवढ्याच हेतूनें १६४२ सालीं ब्लेझ गणकयंत्राच्या मागें लागला.

यंत्राचा अर्धा भाग सोपा होता. दहा खुंट्यांचें चाक घ्यावें, तें एकेक घर फिरवावें, आणि त्यास जोडलेल्या नळकांड्यावरील आंकडा झांकणाच्या झरोक्यांतून दिसावा. सूंसाठीं वीस घरांचें व दनियेंसाठीं बारा घरांचें चाक करावें. चाकें मात्र एकाच दिशेनें फिरत. म्हणून वजाबाकीसाठीं प्रत्येक आंकड्याजवळ तो नवांतून उणा केला असतां राहणारा आंकडा लिहिलेला असे, आणि वजाबाकीचें काम बेरजेनेंच होई.

खरा पेंच हातच्याचा. नवाचें शून्य होतांना शेजारचें चाक एक घर सरकलें पाहिजे. पहिल्या चाकास एक लांब दांता बसवून त्यानें दुसऱ्यास ढकलावें, हा साधा उपाय कोणासहि सुचेल. पण ९९९९९ मध्यें एक मिळवून पाहा. सर्व चाकें एकदम फिरवावीं लागतात, आणि तो सारा भार पहिल्या चाकावर व फिरविणाऱ्याच्या बोटावर येऊन यंत्र अडतें. पास्कलनें म्हणून एका चाकाचा दांता दुसऱ्यास भिडविलाच नाहीं. दोन चाकांच्या मध्यें त्यानें एक वजनदार तरफ ठेवली. चाक फिरूं लागलें कीं त्याच्या खुंट्या ती हळूहळू वर उचलीत. नवावरून शून्यावर येतांच ती सुटून खालीं पडे, आणि पडतांना शेजारच्या चाकास एक घर ढकली. हातच्यास लागणारें बळ असें आधींच थोडेंथोडें सांठलेलें असे. शेवटीं एकट्या बोटावर कांहींच येत नसे.

ही युक्ति सुचली तरी काम संपलें नव्हतें. पास्कल कांहीं कारागीर नव्हता. चाकें दुसऱ्यांकडून करवून घ्यावीं लागत, आणि खुंट्यांच्या अंतरांत थोडीशी चूक झाली तरी सारें फुकट जाई. लांकूड, हस्तिदंत, आबनूस, तांबें असे नाना पदार्थ वापरून त्यानें पन्नासांवर नमुने केले. इतक्यांत रूआँच्या एका घड्याळजीनें ऐकीव माहितीवरून तसेंच यंत्र बनविलें. बाहेरून तें सुरेख घासलेलें होतें, पण आंतून निरुपयोगी. तरीहि लोकांनीं तें कौतुकानें संग्रहांत ठेविलें. तें पाहून पास्कल इतका खिन्न झाला कीं त्यानें आपले सारे कारागीर काढून टाकले. चॅन्सेलर सेगिए यांनीं धीर दिला, तेव्हां त्यानें काम पुन्हां हातीं घेतलें. १६४५ सालीं पुरें झालेलें यंत्र त्यानें त्यांसच अर्पण केलें, आणि १६४९ सालीं राजाकडून त्यास बनविण्याचा खास हक्क मिळाला.

धंदा मात्र झाला नाहीं. यंत्र महाग पडे, आणि घेणारे थोडे. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जर्मनींत विल्हेल्म शिकार्ड यानें १६२३ सालींच असें यंत्र योजिलें होतें व त्यांत हातचा एका दांत्यानेंच ढकलला जाई; पण तें जगास विसाव्या शतकांत नीट कळलें. पास्कलच्या यंत्रांपैकीं आठ-नऊ अद्याप शिल्लक असून त्यांतील कांहीं पॅरिसच्या कला व हुन्नर संग्रहालयांत आहेत.

पुढें पास्कलनें हवेच्या दाबावर प्रयोग केले. दाबाच्या मापास आज त्याचेंच नांव आहे. १६५४ सालच्या नोव्हेंबरांत एका रात्रीं त्यास ईश्वराचा उत्कट अनुभव आला, आणि उरलेलें आयुष्य त्यानें बहुतांशीं धर्मचिंतनांत व गरिबांच्या सेवेंत घालविलें. प्रकृति मूळचीच नाजूक. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो पॅरिस येथें निवर्तला.

विद्यार्थिमित्रहो, पास्कलची बुद्धि सर्वांस लाभत नाहीं. पण दिव्याजवळ हिशेब करीत बसलेले वडील तर आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतात. त्यांच्याकडे पाहून ज्याच्या मनांत कांहीं करावें असें आलें, आणि पन्नास वेळां फसूनहि ज्यानें तें सोडलें नाहीं, त्या मुलाची आठवण, पुढच्या वेळीं हातचा धरतांना, आपणांस व्हावी एवढीच आमची इच्छा आहे.