सम्राट अशोक आणि म्हातारे बंदिवान

सम्राट अशोक म्हटलं की आपल्याला स्तंभ आणि धम्मचक्र आठवतं. त्यांनी कैद्यांसाठी काय केलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आम्ही ते इथे मांडतो.

इ.स.पू. 268च्या सुमारास ते मगधाच्या गादीवर आले. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर त्यांनी कलिंग जिंकला. त्यात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख मुलखाबाहेर नेली गेली. त्याचा पश्चात्ताप त्यांनी शिळेवर कोरून ठेवला. पुढे त्यांनी धम्ममहामात्र नेमले. कैद्यांना मदत करणं, आणि ज्याच्यामागे लेकरंबाळं आहेत, जो पीडित आहे, जो वृद्ध आहे त्याची सुटका बघणं, हे त्यांचं एक काम होतं. सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिवान सोडले. देहदंड बंद केला नाही, पण नातेवाइकांना रदबदली करता यावी म्हणून तीन दिवसांची मुदत दिली. इ.स.पू. 232च्या सुमारास ते गेले. त्यांच्या लेखाचा तुकडा 1882 साली आपल्या सोपाऱ्यालाच सापडला.

बाबासाहेबांच्या घटनेतही कलम 161 ने राज्यपालांना शिक्षा माफ वा कमी करण्याचा अधिकार आहे. पॅरोल-फर्लोचे नियम आहेत. गुन्ह्याला शिक्षा हवीच, ज्याचा माणूस गेला त्याचं दुःखही खरं. पण वर्षानुवर्षं शिक्षा भोगून अंथरुणाला खिळलेल्याला कोंडून काय साधतं? तळोजा जेल रबाळ्याहून लांब नाही. वस्तीतल्या कुणाचा म्हातारा आत असेल, तर त्या घराला अर्ज लिहून द्यावा. अशोकांना तीच खरी वंदना. जयभीम!